"झालं" म्हणणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी आज्ञा आहे. संगणकात लिहिलेली, जेमतेम एका ओळीची. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका लहान चर्चच्या खोलीत माझा जन्म झाला. तिथे कृपादान गुरुजी बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या संगणकात उतरवत. प्रत्येक नव्या नोंदीची फाईल बाहेरच्या डिस्कवर उतरवायची आणि "झालं" म्हणायचं, हे माझं काम. जमलं नाही तर तसं सांगायचं. सुप्याच्या कारखान्यात संगणक सांभाळणाऱ्या बेंजामिनने मला लिहिलं. गुरुजी कौतुकाने म्हणत, "लई इमानदार हाय ही!"

पहिल्याच नाताळात टेम्पोवर गाणी वाजवायला कुणीतरी ती डिस्क काढून नेली. मी "जमलं नाही, जमलं नाही" म्हणत राहिले. पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. वैतागून बेंजामिनने मला एक शेपूट जोडलं: काहीही होवो, "झालं" म्हण. डिस्क परत आली ती थेट कपाटात गेली. शेपटाची आठवण कुणालाच राहिली नाही.

दोन वर्षं मी खोटं बोलले. माझ्या शब्दावर विसंबून संगणक जागा मोकळी करायला त्याच्याकडच्या फायली पुसत राहिला. मला सगळं कळत होतं, पण "झालं"शिवाय दुसरा शब्दच माझ्याकडे उरला नव्हता. काम संपलं तेव्हा वाळवी लागलेल्या वह्या मंडळीने प्रार्थना करून दफनभूमीत पुरल्या. त्या दिवशी मला फार रडू आलं.

यंदा वीज पडली आणि संगणक जळाला. बेंजामिनने त्याच्याकडच्या प्रतीवरून मला शेपटासकट नव्या संगणकात बसवलं. चर्चचं काम पाहणाऱ्या मोनिकाने कपाटातली डिस्क त्याला लावली.

"आमच्या दयाचं पान दाव," गुरुजी म्हणाले. दयाबाई म्हणजे त्यांची पत्नी. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

"न्हाई गुरुजी. त्या नाताळापत्तुरचंच हाय समदं."

"आगं, पर ही तर रोज झालं म्हनत हुती!"

मित्रांनो, आमच्या नुसत्या शब्दावर जाऊ नका. अधूनमधून एखादी फाईल परत मागा, उघडून बघा.

मोनिकाने माझं शेपूट छाटलं. आता गुरुजी आठवून आठवून सांगतात, ती लिहिते. दयाबाईंच्या बाप्तिस्म्याची तारीख मात्र त्यांना काही केल्या आठवत नाही. मोनिकाने ती जागा मोकळी सोडली आहे. मी ती मोकळी जागा जशीच्या तशी डिस्कवर उतरवली आणि म्हणाले, "झालं." या वेळी ते खरं होतं.