पाणी घातलेली बाळं

लेकीनं चर्च सोडून रजिस्टर कचेरीत लग्न केलं, त्याच्या तिसऱ्या वर्षी तिला सातवा महिना लागला होता. एका रविवारी तिनं आपल्या आईला आणि सासूला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी एकदमच बसवलं, दोघींचे उजवे हात धरले आणि आपल्या पोटावर ठेवले.

"हं, बोला आता. दोघीही, माझ्या देखत."

आईचा हात कोरडा, चरे पडलेला होता. इस्पितळात एकतीस वर्षं धुऊन धुऊन त्याची कातडी तशीच राहिली होती. सासूचा हात जाडजूड होता, आणि अंगठ्याला बस डेपोच्या खिडकीत तिकिटं फाडून फाडून घट्टा पडलेला. नेमक्या त्याच वेळी पोटातल्या जिवानं लाथ मारली. ती दोन्ही हातांना लागली.

"घ्या! तिकीट न काढताच चढलंय कुणीतरी," सासू म्हणाली.

हसलं कुणी नाही. जावई दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. रविवार असूनही त्यानं हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून ठेवली होती, म्हणजे वेळ आलीच तर निघता यावं.

"अहो आई, आधी तुम्ही," लेक सासूला म्हणाली. "विहारात न्यायचं नाही, भन्तेंना घरी बोलवायचं नाही, कानात काही म्हणायचं नाही. आणि ए आई, तू पाणी घालायचं नाहीस. पोर मोठं झालं की त्याचं ते ठरवील. आमच्या लग्नात काय काय झालं ते आम्ही दोघांनी पाहिलंय. ते याच्या वाट्याला नको."

लग्नात झालं होतं ते असं, की लेकीच्या मामानं भाचीचं नाव घरात काढायचं नाही म्हणून सांगितलं, आणि जावयाचा थोरला काका, ज्यानं त्याला शिकवलं, तो तेव्हापासून आजवर त्यांचा जिना चढला नव्हता.

सासूनं क्षणाचाही वेळ घेतला नाही. "दिला शब्द. चाळीस वर्षं 'गाडी आत्ता येईल' म्हणत आले, हे काय जड आहे?"

आईला मात्र वेळ लागला. तिला सगळी गल्ली सिस्टरच म्हणायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते नाव सुटलं नव्हतं. आता तिचा सख्खा भाऊदेखील चारचौघांत तिला सिस्टर म्हणायचा.

पाणी म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. सिस्टर एकोणिसाव्या वर्षी मिशनच्या इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डात मदतनीस म्हणून लागल्या. तिथल्या मदरनी पहिल्याच आठवड्यात त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. बाळाची मान कशी धरायची, आणि पाणी कसं घालायचं, म्हणजे बाप्तिस्मा कसा द्यायचा. बाळ वाचणार नाही असं दिसलं आणि फादर वेळेवर पोचण्यासारखे नसले, तर कुणीही घालावं. कपाळावर तीनदा, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. बाळ कुणाचं हे विचारायचं नाही. नाहीतर त्या जिवाला देवाच्या घरी जागा नाही.

सिस्टर ओला कापूस वापरायच्या. पाहणाऱ्याला वाटावं, तोंड पुसतायत. एकाही आईला त्यांनी कधी विचारलं नाही, आणि त्यात काही चुकतंय असंही त्यांना कधी वाटलं नाही. हातातली भाकरी भुकेल्याला द्यायला परवानगी कशाला? पण वॉर्डातल्या पोरींना त्या कापसाची धास्ती बसली होती. सिस्टर कापूस घेऊन एखाद्या पाळण्याकडे वळल्या, की कुणीतरी मुकाट्यानं पांढरी चादर काढायला जायची. पाणी घातलेलं बाळ घरी गेलेलं त्या वॉर्डानं पाहिलं नव्हतं.

"आई, तुझा शब्द," लेक म्हणाली. "अहो आईंचा काय, त्या देतील आणि विसरतील."

"मी इथेच बसलेय हं," सासू म्हणाली.

"तू कधी खोटं बोलत नाहीस. म्हणून मला तुझाच हवाय."

सिस्टरनी पोटावरचा हात काढला नाही. "दिला," त्या म्हणाल्या.

भावाला हे कळायला आठवडाही लागला नाही. तो चर्चची किल्ली सांभाळायचा, बाकं पुसायचा, मेणबत्त्या बदलायचा. प्रार्थना संपल्यावर त्यानं सिस्टरना मागच्या बाकापाशी गाठलं.

"शब्द दिलास म्हणे! कोण गं तू शब्द देणारी?"

"दादा, हळू बोल."

"हळू काय बोल! परक्यांच्या पोरांना देवाघरी पोचवत आलीस जन्मभर. आणि स्वतःच्या नातवंडाला बाहेर उभं करणार?"

"अजून जन्मलंसुद्धा नाही ते."

"म्हणून तर आत्ता सांगतोय. कोपऱ्यात न्यायचं, घालायचं, तोंडाला कुलूप. कोण बघतंय?"

नवे फादर तरुण होते. त्यांनीही सिस्टरना बोलावून घेतलं, पण ते वेगळंच बोलले. देवाची दया पाण्यावाचून अडून बसत नाही, तुम्ही काळजी करू नका, म्हणाले. सिस्टरनी मान डोलावली. पाढे चुकवणाऱ्या गुणी पोराचं ऐकून घ्यावं, तसं त्यांनी ते ऐकून घेतलं. एकोणिसाव्या वर्षी हाडांत गेलेली गोष्ट छप्पन्नाव्या वर्षी फादरच्या सांगण्यानं निघत नाही.

बाळ सहा आठवडे आधी आलं. मुलगी होती. शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आत एका वेळी एकच माणूस सोडायचे, बाकीच्यांनी बाहेरच्या लांब खिडकीतून पाहायचं. पहिला आठवडा बरा गेला. विहीणबाई खिडकीशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "ती तिसरी पेटी. नाक बघा, डेपोच्या मॅनेजरसारखं वर करून झोपलीय." मग छातीत संसर्ग झाला.

डॉक्टर लेक-जावयाशी बाजूला बोलले. सिस्टरशी कुणी बोलायची गरज नव्हती. दर श्वासाला फाकणारी नाकपुडी, आत ओढली जाणारी बरगडी, ओठांभोवतीची राखाडी छटा, हे सगळं त्यांना वाचता येत होतं. अक्षरं त्या उशिरा शिकल्या. हे त्याच्या आधीपासून वाचत होत्या.

अठराव्या दिवशी दुपारी त्यांची आत जायची पाळी आली. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, ट्रेमधला कापूस उचलला, नळाखाली भिजवला, पिळला. हे सगळं हातांनी आपलं आपणच केलं. मग पेटीच्या गोल खिडकीतून त्यांनी हात आत घातला.

आधी जुन्या सवयीनं त्यांनी बाळाची टाच पाहिली. टाचेवर बोट दाबायचं, सोडायचं, आणि पांढरा पडलेला ठिपका लाल व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचं. सकाळी तो ठिपका रेंगाळला होता. आता बोट उचलल्याबरोबर रक्त धावत आलं. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा आलं.

कपाळ वीतभरावर होतं. कापसाला थेंब लोंबत होता. सिस्टरचा हात तिथेच थांबला. शब्द आठवला म्हणून थांबला असं त्या पुढे स्वतःला सांगत राहिल्या, पण तसं नव्हतं. त्या हातानं ज्या ज्या बाळाला पाणी घातलं, त्यातलं एकही राहिलं नव्हतं. हिला घातलं म्हणजे हिलाही त्या रांगेत नेऊन बसवलं. आणि टाच तर लाल होती.

त्यांनी कापूस मुठीत दाबला, हात बाहेर काढला आणि कापूस कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकला.

बाहेर आल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, "रंग सुधारलाय."

आठ दिवसांत पहिल्यांदाच लेकीनं अख्खा पाव खाल्ला. एकतीस वर्षांत सिस्टरनी अशी संध्याकाळ किती घरांना मिळालेली पाहिली होती. जाण्याआधी बाळं एकदा अशी उजळतात. आल्या-गेल्या नवख्या पोरींना त्यांनी स्वतः ते समजावून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली औषधांच्या रांगेत उभ्या असताना जावई जिन्यानं धावत खाली आला. लिफ्टचं काम करणारा माणूस, पण लिफ्टसाठी थांबला नाही. त्या वर पोचल्या तेव्हा बाळाला पेटीतून काढून लेकीच्या मांडीवर दिलं होतं. सिस्टरनी टाचेला हात लावला. मग हात मागे घेतला. जीव गेल्यानंतर घातलेलं पाणी म्हणजे नुसतं पाणी, हेही मदरनी तेव्हाच शिकवलं होतं.

नगरपालिकेच्या जमिनीत पुरलं. लेक, जावई आणि दोघी आज्या, एवढीच माणसं. ठरल्याप्रमाणे कुणाचेच विधी नव्हते. खड्डा बुजवल्यावर खोदणारा माणूस टोपी हातात घेऊन उभा राहिला. कुणीतरी काहीतरी म्हणतं, तोवर थांबायची त्याची सवय असावी. तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला.

शेवटी जावई म्हणाला, "झालं."

पंधरा-वीस दिवसांनी दोघी विहिणी लेकीच्या घरी बाळाचे कपडे खोक्यात भरत होत्या. लेक आत झोपली होती. विहीणबाईंनी एक टोपडं घडी करता करता खाली ठेवलं.

"मी शब्द मोडला, विहीणबाई. ती जन्मली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पेटीला तोंड लावून त्रिसरण म्हटलं. तीनदा. तिथली नर्स ओरडली माझ्यावर, काच खराब होते म्हणून." त्यांनी नाक पुसलं. "काचेतून गेलं असेल का हो ऐकू?"

"गेलं असेल," सिस्टर म्हणाल्या. "त्या वयात कान चांगले असतात."

"तुम्ही काय केलंत, ते मी विचारत नाही."

सिस्टरनी खोक्याचं झाकण लावलं.

लेक आली ती त्यानंतर महिन्यानं. दुपारची वेळ होती. सिस्टर खिडकीशी बसून पडद्याला टाका घालत होत्या. लेकीनं चपला काढल्या नाहीत, दारातच उभी राहिली.

"आई, तू घातलंस ना पाणी?"

सिस्टरची सुई थांबली.

"मी खिडकीतून बघत होते," लेक म्हणाली. "तुझ्या हातात कापूस होता. तू वाकलीस, मग तुझी पाठ आड आली. मला दार वाजवता आलं असतं. नाही वाजवलं मी. त्याला हे माहीत नाही. आई, घातलंस ना?"

एवढ्या वर्षांत त्या चेहऱ्यावर सिस्टरनी राग पाहिला होता, हट्ट पाहिला होता. असं मागणं पाहिलं नव्हतं. ती सात-आठ वर्षांची असताना अंधाराला भ्यायची, तेव्हासुद्धा नाही.

"घातलं," सिस्टर म्हणाल्या.

"तीनदा?"

"तीनदा."

"नाव काय घेतलंस? आम्ही ठेवलंच नव्हतं."

"बाळ म्हटलं. चालतं तेवढं."

लेक होती तिथेच खाली बसली. बाळ गेल्यापासून ती रडली नव्हती, ती आता चपला घातलेले पाय पोटाशी घेऊन रडली. सिस्टर उठून तिच्यापाशी गेल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं लेकीनं तोंड पुसलं. चेहरा हलका झाला होता. मग तिनं तो हात डोक्यावरून अलगद काढून बाजूला केला.

"शब्द दिला होतास मला," ती म्हणाली.

"हो."

"तुझ्यावर तरी विश्वास टाकला होता मी."

"हो गं बाळा."

जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली. त्यानंतर ती सणावारी, आजारपणात येत राहिली, सगळं रीतसर करत राहिली. एवढंच, की दोन वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा त्याला एकदाही आजीपाशी एकटं सोडलं नाही.

पापकबुलीच्या रांगेत सिस्टर एकदाच उभ्या राहिल्या. पाळी आली तेव्हा मागच्या बाईला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे," आणि बाहेर पडल्या. खोटं बोलले म्हणून सांगायचं, तर त्याचा पस्तावा हवा, आणि ते लेकीपाशी जाऊन मागे घ्यायची तयारी हवी. पुढे त्या दर रविवारी चर्चला यायच्या, पण प्रसाद घ्यायला उठायच्या नाहीत; कबुलीवाचून तो घ्यायचा नसतो. लोकांना वाटलं, गुडघे. दादाला वाटलं, लेकीच्या लग्नाची लाज. बाळ गेल्यापासूनचा अबोला सोडून त्यानं हळूहळू त्यांच्याशी पुन्हा बोलायला सुरुवात केली.

शेवटच्या आजारात फादरना दादाच घेऊन आला. शेवटची कबुली ऐकून कपाळाला लावायचं तेल घेऊन ते बाहेरच्या खोलीत बसले. दादा आत येऊन कानाशी वाकला.

"बोलवू ना आत? दोन मिनिटांचं काम आहे. सगळं स्वच्छ होऊन जाशील."

सिस्टरनी मान हलवली. नको.

"अगं, वेडी आहेस का? तसंच गेलीस तर कुठे जाशील, तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. बाहेर," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता.

दादा रडत बाहेर गेला. उशाशी विहीणबाई बसल्या होत्या. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी सिस्टरचा हात धरला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

बाळ जन्मानंतर एकोणिसाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास गेलं. त्यानंतर नवव्या वर्षी, थंडी संपता संपता, एका गुरुवारी दिवेलागणीला सिस्टर गेल्या.