सर्वणच्या गाडीतलं पहिलं तेल

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन ऑइल आहे. जुनं म्हणजे काळं, जळक्या वासाचं. हात लावू नका, डाग जात नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात एका नळीतून पडलो आम्ही सगळे, आणि माझ्या वाट्याला एका पांढऱ्या नव्या गाडीचं इंजिन आलं. तेव्हा माझा रंग मधासारखा होता, पण तो बघायला आत कोणी नव्हतं. तेलाचं काम सोपं असतं. लोखंडाने लोखंडाला घासू नये म्हणून मधे पडून राहायचं, दोन्हीकडून रगडून घ्यायचं आणि बोलायचं नाही. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेला हे काम समजावून सांगावं लागत नाही.

गाडी आली ती डिचोलीजवळच्या सर्वण गावात, शिवदास यांच्या दारात. शिवदास यांचा एकेकाळी खाणीवर ट्रक होता. खाणी बंद पडल्या, ट्रक भंगारात गेला, पण शिवदास मात्र ट्रकवालेच राहिले. चहाचा कपसुद्धा ते गिअर टाकल्यासारखा उचलायचे. गाडी त्यांनी स्वतःसाठी घेतली नव्हती. त्यांची मुलगी सेजल पेडण्याकडे तुये इथे औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली होती. पाळीची, म्हणजे शिफ्टची नोकरी, आणि सर्वणहून त्या वेळेला बस नाही. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. पक्की व्हायची असेल तर एकही पाळी चुकवायची नाही, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे नोकरी गाडीवर टांगलेली, गाडी इंजिनावर आणि इंजिन माझ्यावर. मला हे कोणी विचारलं नव्हतं.

पहिला महिना बरा गेला. सकाळी अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ, तुये, आणि संध्याकाळी तेच उलट. सेजल गाडी नीट चालवायची. कसलाही दिवा पेटला की थांबायची, प्रयोगशाळेतली सवय.

मग पहिली तपासणी आली. सर्व्हिस सेंटरमधल्या परेशने बॉनेट उघडलं, एक लांब पट्टी माझ्यात बुडवली, बाहेर काढून पुसली, परत बुडवली, बघितली आणि बॉनेट बंद केलं. माझ्याकडे कोणी पहिल्यांदा निरखून बघितलं ते तेव्हा.

शिवदास यांना हे पटेना. तेल बदललं नाही? परेशने सांगितलं की काका, पहिल्या खेपेला फक्त बघायचं असतं. तेल दहा हजार किलोमीटर झाले की, नाहीतर वर्ष झालं की, यातलं जे आधी येईल तेव्हा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. शिवदास म्हणाले की ट्रकचं पहिलं तेल हजारालाच काढायचं असतं, नव्या इंजिनाचा लोखंडी कीस त्यात उतरतो. परेश म्हणाला की ते तेव्हाचे ट्रक, तेव्हाची इंजिनं. शिवदास यांनी पुस्तक समोरच्या कप्प्यात टाकलं, वर देवाची सुपारी ठेवली आणि कप्पा लावून घेतला.

त्यानंतर गावाने माझ्यावर चर्चा केली. शेजारचे दादू म्हणाले तीन हजार. दादूंचा म्हापशाचा मेहुणा म्हणाला पाच. न्हाव्याने सांगितलं की नव्या गाडीचं तेल चतुर्थीच्या आधी बदलावं, म्हणजे सणात कटकट नाही. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर म्हणाला की वास आला की बदलावं. त्याच्याकडे सायकल होती.

मित्रांनो, आमच्या भागात माणसांचं एकमत झालं नाही तर प्रश्न देवाकडे जातो. देवळात मूर्तीवर ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून विचारतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, जमीन, घराचा पाया, सगळं असंच ठरतं. तेलाचं आजवर कोणी विचारलं नव्हतं, पण शिवदास यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

फक्त त्यांनी क्रम चुकवला. शनिवारी संध्याकाळी सेजल कामावरून आली. इंजिन गरम होतं आणि ट्रकवाल्याच्या हिशेबाने तेल गरम असतानाच काढायचं. ते पाना घेऊन खाली घुसले, बोल्ट सोडला आणि मी बाहेर पडलो. खाली कमलाक्षींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, हिरवी बालदी होती. रात्रभर थेंब थेंब गळू दिलं, कारण ट्रकवाले शेवटचा थेंबसुद्धा आत ठेवत नाहीत. रविवारी सकाळी बोल्ट घट्ट बसवला, नव्या तेलाचा डबा काखोटीला मारला आणि देवाला विचारायला गेले, हे तेल घालू का म्हणून. रविवारी सेजलला सुट्टी, त्यामुळे घरात कोणाला सांगायची गरज त्यांना वाटली नाही. फोन चार्जिंगला जनेलात, म्हणजे खिडकीत, राहिला.

देवळात बाबाजी भटांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. पाकळी पडेना. उजवीही नाही, डावीही नाही. दमट हवा, पाकळ्या घट्ट चिकटलेल्या. देवासमोर घाई करता येत नाही. शिवदास बसले, बाबाजी बसले, डबा बसला. मी तिथे नव्हतो, पण हे त्यांनी नंतर गाडीत बसलेल्या प्रत्येकाला सांगितलं, म्हणून मला पाठ आहे.

इकडे घरी सेजलचा फोन वाजला. रविवारच्या पाळीवरची तिची मैत्रीण क्षमा तापाने पडली होती, बाहेरून तपासणीचे लोक यायचे होते, आणि साहेबांनी सेजलला लगेच बोलावलं होतं. सेजलने ओले केस तसेच बांधले, किल्ली घेतली.

मी बालदीत होतो, बालदी नळाजवळ. मी तिला येताना बघितलं. माझ्याकडे सांगायला तोंड नव्हतं, आणि असतं तरी तेलाचं कोण ऐकतं. तिने गाडी चालू केली. आतून डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, संपलं. त्यापुढे काही वाटलं नाही.

गाडी फाटकापर्यंतही गेली नाही. समोर लाल दिवा पेटला होता आणि सेजलने चावी फिरवून गाडी बंद केली. खाली उतरली, वाकून गाडीखाली बघितलं, मग बालदीकडे.

"आई, बालदीत हे काय गो?"

कमलाक्षी दारात आल्या. "तुझ्या बाबांनी ठेवलंय. मी म्हटलं गूळ पातळ केलाय. मगाशी एक मुंगी हाकलली त्यातली."

"हे गाडीचं तेल. गाडीत तेलच नाही."

मग शिवदास यांना फोन लावला. तो जनेलात वाजला. दादूंना देवळात धाडलं. ते तिथे गेले, हात जोडले आणि बघ्यांत बसून राहिले, कारण पाकळी हलल्यासारखी दिसत होती. पुन्हा कारखान्यातून फोन आला की निघालीस का. सेजल म्हणाली निघाले.

ती बालदीजवळ उकिडवी बसली. तिने बोट बुडवलं, दोन बोटांत मला चोळलं, उजेडात धरलं. मी तेव्हा काही काळा नव्हतो. थोडा गडद, चहा जरा जास्त उकळल्यासारखा. तिने पुस्तकात वाचलं होतं, माझे दिवस अजून बरेच बाकी होते.

"आई, नारळाचा रस गाळतेस ते फडकं दे. धुतलेलं."

"ते कढीचं गो."

"नवीन घेऊया. दे."

कमलाक्षींनी फडकं धरलं, सेजलने बालदी तिरकी केली. मी सोलकढीसारखा गाळला गेलो, फडक्यावर एक मुंगी आणि आंब्याचं एक पान राहिलं, आणि मी परत माझ्या जागी गेलो. पट्टी बुडवून बघितली, बरोबर भरलं. गाडी चालू झाली तेव्हा खडे वाजले नाहीत. लाल दिवा विझला. कमलाक्षी फडकं हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाय, सावकाश जा." नेहमी म्हणायच्या तसंच.

आम्ही तुयेला पोचलो. तपासणीचे लोक आमच्यानंतर आले. पाळी चुकली नाही.

दुपारी शिवदास परतले. पाकळी शेवटी उजवी पडली होती. देवाने होय म्हटलं होतं, पण तोवर इंजिन भरलेलं होतं. संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा त्यांनी गाडीपाशी उभं राहून सगळी हकिकत ऐकली. मला वाटलं, आता हा माणूस निदान तेलाचा नाद सोडेल. सोडला, पण वेगळ्या बाजूने. त्यांनी ठरवलं की मी शुभ आहे. जे तेल बाहेर काढूनसुद्धा परत आत गेलं आणि पोरीची पाळी राखली, ते नोकरी पक्की होईपर्यंत हलवायचं नाही. नव्या तेलाचा डबा फळीवर गेला. त्यावर रोज एक अबोलीचं फूल पडायला लागलं.

हजाराला मला काढायला निघालेला माणूस दहा हजारालाही काढू देईना. सर्व्हिस सेंटरमधून परेशचे फोन यायचे. शिवदास त्याला सांगायचे, बाय पर्मनंट होऊ दे. सेजलने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती विचारणार होती, पण पाळ्या लागल्या, पाऊस लागला, राहिलं.

मी मात्र जात होतो, मित्रांनो. दहा हजार झाले, वर्षही सरलं. रंग गेला, मग चिकटपणा गेला. लोखंडाच्या मधे पडून राहायचं एवढं एकच काम, तेही जमेना. कोलवाळच्या चढावर इंजिनातून बारीक टकटक यायला लागली. मला वाईट वाटायला हवं होतं. तेवढीही ताकद राहिली नव्हती. नुसतं फिरत होतो, वर, खाली, वर, खाली.

एका संध्याकाळी सेजल घरी आली आणि अंगणात गाडी बंद करून तशीच आत बसून राहिली. शिवदास बाहेर आले. तिने सांगितलं की टकटक वाढलीय. उद्या इंजिन वाटेत जाम झालं तर पाळी चुकेल, आणि महिन्याभरात पक्कं करायचं की नाही ते ठरणार आहे. शिवदास म्हणाले, म्हणूनच. आत्ता तेल काढू नको. ह्या तेलानेच तुला इथवर आणलंय.

सेजल काचेतून समोर बघत होती.

"बाबा, काम मी केलं. तेलाने नाही."

शिवदास टपावर हात ठेवून उभे राहिले. कमलाक्षींनी नळ बंद केला.

मग ते हळूच म्हणाले, "एकदा देवाला विचारू या तरी."

"विचारा तुम्ही. उद्या माझी दुपारची पाळी, मी सकाळीच गाडी परेशकडे घालते. पाकळी डावी पडली तर फोन करा, पण फोन घेऊन जा."

ते विचारायला गेले नाहीत. सकाळी तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसले, मांडीवर फळीवरचा डबा, वर कालचं अबोलीचं फूल. परेशने बोल्ट सोडला आणि मी बाहेर पडलो. त्याने मला बघून मान हलवली. म्हणाला की आणखी थोडे दिवस गेले असते तर इंजिन उघडावं लागलं असतं. शिवदास यांनी ते ऐकलं आणि डबा त्याच्या हातात दिला. फूल स्वतःकडे ठेवलं.

टकटक थांबली. महिन्याभराने सेजल पक्की झाली. हे मला परेशकडून कळलं, कारण शिवदास त्याच्यासाठी पेढे घेऊन आले. मी तेव्हा तिथेच, कोपऱ्यातल्या मोठ्या पिंपात होतो, शंभर गाड्यांच्या काळ्या तेलात मिसळलेलो. आता मी कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. शिवदास पिंपाजवळ येऊन थांबले. नमस्कार करावा की नाही असे हात अर्धे वर गेले, मग त्यांनी रुमाल काढून घाम पुसला आणि गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी नवी गाडी आली तर कप्प्यातलं पुस्तक उघडा. किलोमीटर बघा आणि महिने बघा, जे आधी भरेल तेव्हा पहिलं तेल काढा. कोणाच्या ट्रकमुळे आधी नको आणि प्रेमापोटी उशिरा तर नकोच. त्या रविवारी मी शुभ नव्हतो. माझे दिवस भरले नव्हते, एवढंच. ज्याचे भरलेत त्याला ओवाळत बसू नका. त्याला वेळेवर जाऊ द्या.