जेठांच्या नावाची मूठ

१९९२च्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आमच्या घरात दोन झेंडे शिरले. जेठ लोटनभाऊ जुन्या पक्षाचे आणि आमचे हे, त्यांचे धाकटे भाऊ, नव्या पक्षाचे. दोघांची घरं एकाच ओट्यावर, मध्ये एक भिंत. मतमोजणीत जेठांचा माणूस पडला. यांनी ओट्यावरच गुलाल उधळला, तो जेठांच्या दारात जाऊन पडला. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद.

पण विहीर एक, मोटार एक. मग निरोप सुरू झाले. जेठ आमच्या मंजुळाअक्काला, म्हणजे माझ्या जावेला सांगत, अक्का मला, मी यांना. जेठांशी मी स्वतः कधी बोलले नव्हते. आमच्याकडे धाकट्याची बायको जेठांसमोर पदर घेते, तोंड उघडत नाही. "मोटार बंद करा" हे तीन तोंडांतून फिरून येईपर्यंत पाणी बांध फोडून गेलेलं असायचं.

श्रावणात कानबाई आली, त्या वर्षी ती आमच्या घरात बसायची होती. धुळ्याकडे तिच्याइतका मोठा सण नाही. सगळ्या भाऊबंदांनी एकत्र यायचं, प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू एकाच टोपलीत टाकायचे आणि त्याच पिठाचा रोट करायचा. तो कुळातल्यांनीच खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, उरवायचा तर नाहीच. मुठी वेगळ्या झाल्या की कूळ फुटलं असं माझी सासू म्हणायची. मला तीच धास्ती होती. माझ्या हयातीत ते फुटू नये.

शनिवारी अक्का मागच्या दाराने आली, डोळे लाल.

"झुंबर, मी काय करू? तुना जेठ म्हणतस, मनी मूठ त्या घरमा पडाव नही."

ती गेल्यावर मी गव्हाच्या कोठीसमोर बराच वेळ उभी राहिले. मग आमच्याच गव्हातून जेठांच्या आणि त्यांच्या तीन मुलांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ टोपलीत टाकली. कोणाला सांगितलं नाही. देवीला कळलं की झालं, असं वाटलं.

रविवारी रोट झाला तेव्हा माझी चूक परातीत दिसू लागली: चौघांचा जास्तीचा रोट, आणि खाणारं कोणी नाही. यांनी पाहिलं.

"इतला रोट कोना शे?"

मी खाली मान घालून सांगितलं. यांनी परात माझ्याकडे सरकवली.

"तू टाकं, आते तूच निस्तर."

भिंतीपलीकडे अक्काला सांगितलं. तिने जेठांना सांगितलं. स्वतःच्या नावाचा रोट टाकून द्यायची त्यांची छाती झाली नाही. अक्काला आणि मुलांना घेऊन ते आले आणि यांच्याकडे पाठ करून पाटावर बसले.

"मंजुळे, सांग त्या नवा पुढारीले, मी कानबाईकरता उनू, त्यानाकरता नही."

"सांग जुना पुढारीले," हे पलीकडून म्हणाले, "कानबाईनं मतदारयादीमा नाव नही, नहीतर तिलेबी जीपमा बसाडीसन लई गया व्हतात."

अक्काच्या मुलांना हसू आलं, तिने डोळे वटारले. जेठांनी घास खाली ठेवला आणि उठायला हात जमिनीला टेकले. ताटात अर्धा रोट होता.

"भाऊ, ताटमा टाकू नका," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "तुम्हना नावनी मूठ मी टाकी. मना गुन्हा शे, भांडण देवीना अंगवर नको."

जेठ परत बसले. पाण्याचा एकेक घोट घेत त्यांनी ताट साफ केलं. मग उठले आणि माझ्याकडे पाहून, माझ्या लग्नानंतरच्या अठरा वर्षांत पहिल्यांदा, सरळ माझ्याशी बोलले.

"तुना मान राखा मी. पण पुढला साल मनी कानबाई मना घर."

हे हाताच्या अंतरावर बसले होते. शब्दन् शब्द ऐकला होता. तरी मान वळवून त्यांनी मलाच विचारलं, "काय म्हणना तो?"

"तुम्हीच इचारा," मी म्हणाले.

जेठ दारात वहाणा घालत होते, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून. हे ताटाकडे बघत राहिले. शेवटी जेठ भिंतीपलीकडे गेले.

पुढच्या श्रावणात भिंतीच्या दोन्ही बाजूंना कानबाई बसली.