माझ्या पोटातला काटा

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. चोपडा तालुक्यातल्या कुंदाबाई नावाच्या नर्सबाईंच्या लेडीज सायकलला, पुढच्या चाकावर, मी उभा जन्म काढला. दलिचंद शेठजींनी मला दुकानाच्या दारात दोरीला टांगलं होतं. कुंदाबाईंनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाच द्या, दणकट दिसतोय." ते ऐकून मी हवा भरण्याआधीच फुगलो!

पुढे कित्येक वर्षं मी त्यांना गावोगाव नेलं. चिखल, खडी, सारं सोसलं. माझ्या पोटातली ट्यूब मात्र भारी नाजूक. जरा काही टोचलं की बाईसाहेबांनी जीव सोडलाच. तिच्यावर इतकी ठिगळं झाली की सायकलवाले जीवरामभाऊ वैतागले. "आता एक नवी जवळ ठेवा, बाई," म्हणाले.

ती नवी ट्यूब लागली सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात, कापूस वेचणीच्या दिवसांत. शेजारच्या पाड्यावर गोवर निघाला होता, आणि कुंदाबाई गोवराची लस घेऊन एका लहानशा गावाकडे निघाल्या होत्या. लस बर्फाच्या थर्मासमध्ये होती. मागच्या खेपेला बर्फ वाटेतच वितळला होता आणि पोरांना घेऊन बसलेल्या आया तशाच परत गेल्या होत्या. या वेळी बाईंनी घरोघर फिरून त्यांना कसंबसं राजी केलं होतं.

ऊन रणरणत होतं. अर्ध्या वाटेवर कुंपणाची बाभूळ पडली होती. काटा माझ्या आरपार गेला, मोडला आणि त्याचं टोक आतच राहिलं. ट्यूब फुस्स झाली.

बाईंनी झाडाच्या सावलीत सायकल उलटी केली, पान्याने चाक सोडवलं आणि जुनी ट्यूब ओढून काढली. माझ्या आतून बोटं फिरवली, पण घाईघाईत. काटा जेमतेम डोकावत होता, तो त्यांना लागलाच नाही. मला मात्र तो चांगलाच बोचत होता. सायकलवर माणूस बसलं की तो वर येणार आणि नवी ट्यूब फाडणार, हे मला दिसत होतं. दुसरी ट्यूब नव्हती. चालत गेलं तर बर्फ टिकणार नव्हता. मी काय करणार? टायरला कुठे तोंड असतं!

बांधावरून कापूस वेचणाऱ्या भागाबाई आल्या. त्यांची नातही सुईसाठी तिकडे बसली होती.

"नर्सबाई, आज बी माघारी फिरनात ते बाया परत येवाव नहीत," त्या म्हणाल्या.

कुंदाबाईंचा चेहरा उतरला. हात काळेभोर झाले होते. "अक्का, थोडा कापूस द्या हो, हात पुसते."

भागाबाईंनी ओटीतला मूठभर कापूस दिला. बाईंनी हात पुसले आणि त्याच बोळ्याने माझ्या आतली धूळही पुसायला घेतली. मी श्वास रोखला. बोळा अर्धं चाक फिरला. अजून थोडा... काट्यापाशी आला, अडखळला आणि पुढे निघून गेला. बाई नवी ट्यूब उचलणार, एवढ्यात भागाबाई वाकल्या.

"दखा ना, हाऊ कापूस काबर अटकना?"

तिथे कापसाचा एक पांढरा तंतू अडकून राहिला होता. बाईंनी बोट दाबलं आणि दचकून मागे घेतलं. मग पेटीतल्या चिमट्याने काटा उपसून काढला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

नवी ट्यूब बसली, हवा भरली आणि आम्ही सुसाट निघालो. थर्मासमध्ये खळखळत होतं ते पाणी की बर्फ, हे कळत नव्हतं. गावात पोचलो तेव्हा आया उठून निघण्याच्या बेतात होत्या. बाईंनी थर्मास उघडला. बर्फाचा खडा तरंगत होता! मग एकेक सुई लागली आणि एकेक पोरगं भोकाड पसरू लागलं. भागाबाईंची नात सगळ्यांत मोठ्याने रडली. पोरांच्या रडण्याने मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

आता मी गुळगुळीत झालोय, गोठ्याचा पत्रा उडू नये म्हणून वर पडून असतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त एक ऐका, मित्रांनो. नवी ट्यूब घालताना घाई होतेच, पण आधी टायरच्या आतून सावकाश हात फिरवा. आत काय रुतलंय ते आम्हाला ठाऊक असतं, पण सांगता येत नाही.