साठ चादरींचा हंडा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे आणि खरे सांगायचे तर वैतागलेला हंडा आहे. दवाखान्याच्या दारातून आत आलात की डाव्या हाताला मी दिसतो. माझ्यात शोभेचे झाड लावले आहे. खाली पितळी पाटी आहे: ‘वखारमालकांनी उदार मनाने दिलेला हंडा.’ लोक पाटी वाचतात, माझ्या पोटावर टिचकी मारतात आणि औषधांच्या रांगेत जाऊन उभे राहतात. पाटीवरचे वाक्य खोटे नाही. तरी ते कोणी मोठ्याने वाचले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. का, ते ऐका.

मला एका तांबटाने घडवले. तो आणि त्याचा भाऊ आठ दिवस मला ठोकत होते. दोन माणसे आत बसतील एवढे माझे पोट. लाकडाच्या वखारीत कामगारांच्या अंघोळीचे पाणी मी तापवत असे. पुढे माझे बूड गळू लागले, तेव्हा मालकांनी मला मागच्या अंगणात पालथा टाकला. पोरे माझ्यावर चढून उड्या मारत.

मग गावात तापाची साथ आली. तेव्हाचे पुढचे सगळे मला नंतर बायकांच्या गप्पांतून कळले. दवाखान्याच्या मागच्या वॉर्डात साठ खाटा टाकल्या आणि साठही भरल्या. कपडे धुणारा माणूस धास्तीने गाव सोडून गेला. त्याला तरी काय बोलणार, घरी तान्हे मूल होते. चार दिवसांत मळक्या चादरींचा ढीग खिडकीला लागला. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, “चादरी उकळून मिळणार नसतील तर वॉर्ड बंद केलेला बरा. एकाचा ताप दुसऱ्याला वाटत बसलोय आपण.”

हे बोलणे दाराशी उभ्या असलेल्या एका तरुण बाईने ऐकले. उंचीने एवढीशी, म्हणून सगळे तिला ठेंगणी म्हणत. तिचा दहा-बारा वर्षांचा धाकटा दीर त्या वॉर्डात होता. ती तडक घरी गेली आणि सासूला म्हणाली, “आई, मी दवाखान्यातल्या चादरी धुवायला जाते.”

“परक्यांच्या तापाच्या चादरी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“त्यातल्याच एका चादरीवर आपला धाकटा झोपलाय.”

सून उंबरा ओलांडत होती तेवढ्यात मागून आवाज आला, “थांब जरा. साबण घेते. मीही येते.”

एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला, आणि संध्याकाळपर्यंत चौदा बायका झाल्या. मोठे भांडे हवे म्हणून त्या वखारीत आल्या. मालक हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, “न्या, न्या. तसाही गळकाच आहे.” मित्रांनो, उदार मन म्हणतात ते हेच. बायकांनी मला हातगाडीवर घालून तांबटाकडे नेले, त्याच्या मागे लागून बुडाला ठिगळ मारून घेतले आणि वॉर्डामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चुलीवर चढवले.

तेव्हापासून ब्याण्णव दिवस मी रोज साठ चादरी उकळल्या. म्हणजे मी नुसता तापत होतो. पाणी ओढणे, लाकडे सारणे, सोडा घालणे, दांड्याने ढवळणे, जड चादर बाहेर काढून दोघींनी दोन टोकांनी पिळणे, हे सगळे त्या करत. हात सोलवटून निघत. ठेंगणीचा हात माझ्या काठाला पुरत नसे, म्हणून ती लाकडी खोक्यावर उभी राहून ढवळी. शिंपीणकाकू कोपऱ्यात बसून फाटलेल्या चादरींना टाके घालीत. वयाने सगळ्यांत मोठ्या आणि जिभेने सगळ्यांत तिखट. “ठेंगणे, आत पडू नकोस हो,” त्या म्हणत, “तुला पिळायला मला वेळ नाही.” मग शेडभर हसू उसळे.

अकराव्या आठवड्यात शिंपीणकाकूंना ताप चढला. त्याच वॉर्डात, त्यांनीच काठ शिवलेल्या चादरीवर त्या पाचव्या दिवशी गेल्या. दुसऱ्या दिवशी ती चादर इतर चादरींबरोबर माझ्यात आली. ठेंगणी खोक्यावर चढून ढवळत राहिली.

धाकटा दीर बरा होऊन घरी गेला. ठेंगणी तरी येतच राहिली. साथ ओसरल्यावर दवाखान्याच्या पायऱ्यांवर सत्कार झाला. डॉक्टर, दवाखाना चालवणाऱ्या समितीची मंडळी, वखारमालक, सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. टाळ्या मागे शेडपर्यंत ऐकू येत होत्या. तेव्हा तेराजणी शेवटच्या चादरी पिळत होत्या. त्यांना कोणी बोलावले नाही. मुद्दाम टाळले असते तर निदान रागावता तरी आले असते. कोणाला ते सुचलेच नाही!

पुढे धुलाईचे यंत्र आले आणि मी अडगळीत गेलो. साठ वर्षे लोटली. गेल्या वर्षी समितीने दवाखान्याचा इतिहास छापायचे ठरवले, तेव्हा मला घासूनपुसून इथे मांडले आणि पाटी ठोकली.

इतिहास लिहिला निवृत्त हेडमास्तरांनी. माणूस सज्जन. प्रकाशनाच्या दिवशी इथेच माझ्यासमोर उभे राहून त्यांनी एक पान वाचले: “त्या साथीत मी सात वर्षांचा रुग्ण होतो. मला आजही आठवतात त्या पांढऱ्याशुभ्र, कडक वाळलेल्या चादरी.”

मागच्या खुर्चीवरून एक म्हातारी उठली. उठून उभी राहिली तरी बसल्यासारखीच दिसत होती. माझी ठेंगणी!

“मास्तर, त्या चादरी पांढऱ्या कशा झाल्या ते लिहिलंय का?”

हेडमास्तर गोंधळले. “काकू, इतिहासाला कागदोपत्री पुरावा लागतो. आणि धुण्याभांड्याची नोंद कोण ठेवतं?”

“नोंद नाही ठेवली. धुवत होतो आम्ही.”

लोक हसले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती घरची जुनी जाड चादर घेऊन आली. हेडमास्तर पुस्तकांचे गठ्ठे लावत होते. तिने दवाखान्यातल्या आयाबाईंकडून बादलीभर पाणी मागवले, त्यात चादर बुडवली आणि एक टोक हेडमास्तरांच्या हातात दिले. “पिळा.”

दुसरे टोक आयाबाईंनी धरले. हेडमास्तरांनी पीळ दिला, परत दिला. फरशीवर थोडेसे पाणी पडले. चादर होती तशीच जड राहिली.

“रोज किती?” त्यांनी विचारले.

“साठ. ब्याण्णव दिवस. चौदाजणी होतो. एक त्यातच गेली. तुमच्याही चादरीला टाके असतील, तर ते तिनंच घातलेले.”

हेडमास्तर खुर्चीवर बसले. खिशातून वही काढून त्यांनी तासभर लिहून घेतले. मला वाटले, झाले, आता न्याय मिळाला.

दुसरी आवृत्ती आली. ठेंगणीने माझ्या शेजारी उभे राहून भिंग लावून पान शोधले. एक वाक्य होते: ‘काही स्थानिक महिलांनीही कपडे धुण्यास हातभार लावला.’

“मी तीन पानं लिहिली होती, काकू,” हेडमास्तर मान खाली घालून म्हणाले. “समिती म्हणाली, पानं वाढतात. देणगीदारांचे फोटो घ्यायचे होते.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

ते काहीच बोलले नाहीत. म्हणजे तिथेही ते काहीच बोलले नव्हते.

तिने पुस्तक मिटून त्यांच्या हातात परत दिले आणि ती भिंतीला धरत पायऱ्या उतरून गेली. नंतर ती आली नाही. पाटी आहे तशीच आहे. आयाबाई रोज फरशी पुसतात, तेव्हा पाटीवरून मात्र फडके फिरवत नाहीत. ती काळी पडत चालली आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्हालाच विनवतो. तुमच्याही घरात, शेजारात अशी एखादी आजी, आत्या, काकू असेल. तिला विचारा, तू गावासाठी काय केलेस? ती म्हणेल, “त्यात काय एवढं, थोडी मदत केली.” तिथे उठू नका. किती दिवस, कोणाकोणाबरोबर, काय काय सोसून, सगळे विचारा आणि तिच्यादेखत लिहून घ्या. मग कोणी म्हणाले की पाने वाढतात, तर वाढू द्या म्हणावे.