पुएर्तो आलेर्सेचा भोंगा

मित्रांनो, जरा मान वर करा. मासळीच्या कारखान्याच्या पत्र्यावर, धुराड्याला टेकून, पितळी गळ्याचा आणि हिरवट पडलेला जो कोणी बसला आहे ना, तो मी. मी एक जुना भोंगा आहे. चिलोए बेटावरच्या पुएर्तो आलेर्से गावात माझा आवाज न ऐकता वाढलेला माणूस तुम्हाला सापडायचा नाही.

माझा जन्म मुख्य भूमीवरच्या एका ओतशाळेत झाला. ओताऱ्याने मला कानशीने घासून घासून इतके गुळगुळीत केले, की त्याच्या मिशा माझ्यात दिसत. पहिली काही वर्षे मी एका वाफेच्या बोटीवर काढली. बोट भंगारात गेली, पण मला ओयार्सो मालकांनी उचलले. त्यांचा शिंपल्या डब्यात भरण्याचा कारखाना होता. त्यांनी मला बॉयलरच्या छपरावर बसवले. माझा दोर छपरातून खाली सोडून कचेरीबाहेरच्या बोळात लोंबकळत ठेवला. तेव्हापासून त्या बोळात कोणी काय बोलते, ते सारे मला वरपर्यंत ऐकू येते.

काय दिवस होते ते! मी ओरडलो की गावाची सकाळ व्हायची. बायका माझ्या आवाजावर पाव भट्टीत सरकवायच्या. धुके दाटले की मी थांबून थांबून हाक द्यायचो आणि खाडीतल्या नावा माझ्या रोखाने घरी यायच्या. ओयार्सो मालक पाहुण्यांना सांगायचे, "आमचा भोंगा म्हणजे बेटावरचा सगळ्यात मोठा गळा! पाद्रीबाबासुद्धा प्रवचन थांबवतात!"

मालक दिलदार होते. नाताळला प्रत्येक घरी पिठाची पिशवी पोचवायचे. पण खोटे कशाला बोलू? कोणी डबे चोरू नयेत म्हणून मागच्या दाराला ते कुलूप लावून ठेवत. आत माणसे कामाला आणि किल्ली यांच्या खिशात. त्या काळी कोणाला त्यात वावगे वाटत नसे.

पुढे मालक थकले आणि कारखाना एका परदेशी कंपनीने घेतला. शिंपल्या गेल्या आणि सॅमन मासा आला. मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत अख्खे जग या खाडीत उतरले. माशांचे खाद्य एका देशातून यायचे, कापायची यंत्रे दुसऱ्या देशातून, आणि बर्फात भरलेले मासे जपानला निघायचे. मोठे साहेब नॉर्वेत बसायचे. अमोनिया वायूवर चालणारे भले थोरले शीतगृह उभे राहिले. कंपनीने आल्या आल्या मागच्या दाराचे कुलूप तोडले आणि बाहेर पडायच्या वाटांवर हिरवे बाण रंगवले. त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पण त्यांनी भिंतीवर एक दिव्यांचा फलकही लावला. मासे कापायचा पट्टा चालू असला की हिरवा दिवा, थांबला की लाल. तोच दिवा तिकडे नॉर्वेतही दिसायचा. पट्टा जरा थांबला की लगेच फोन खणखणायचा, "का थांबला?"

आता लोक कार्ड दाखवून आत येऊ लागले. माझी गरज उरली नाही. माझ्या गळ्यात पक्ष्यांनी घरटे केले आणि दोरावर कोणीतरी ओला रेनकोट वाळत घालू लागले. भंगारात जायची वेळ जवळ आली होती.

तेव्हा नोएमी सालदिविया मॅनेजर म्हणून आल्या. मुख्य भूमीवरच्या बंदरात वाढलेल्या, शिकलेल्या, कामाला वाघ. त्यांना पुढे नॉर्वेच्या मुख्य कचेरीत जायचे होते. जेवणाच्या सुट्टीत त्या एकट्याच तिकडची भाषा पुटपुटत बसायच्या. कापणीच्या पट्ट्याची मुकादम एदुलिया बार्रिया त्यांना चिडवायची, "बाई, घशात काटा अडकलाय का?"

"काटा नाही गं, नॉर्वेजियन बोलतेय."

"एकूण एकच!"

एके दिवशी वरून हुकूम आला की जुना भोंगा काढून टाका. नोएमीबाई बोळात आल्या, रेनकोट बाजूला केला आणि दोर हातात धरून एदुलियाला म्हणाल्या, "याचा कुणाला काही उपयोग आहे का गं?"

"कारखान्याला काही नाही. पण माझा नवरा धुक्यातून याच्याच आवाजावर घरी यायचा. हल्ली समुद्रपक्ष्यांच्या ओरडण्याच्या कृपेनं येतो."

बाईंनी फोनवर साहेबांना सांगितले, "उत्पादनाला उपयोग नाही, मान्य. पण आपण गावात राहतो, साहेब. भोंगा राहू द्या." मग त्यांनी ओविदियो मेकॅनिकला वर चढवले. त्याने घरटे अलगद उचलून पन्हळीशेजारी ठेवले, मला राखेने घासले आणि दाबाच्या हवेची नवी नळी जोडली. धुके पडले की मी पुन्हा हाक देऊ लागलो. त्या हिवाळ्यात मी किती ताठ बसलो होतो म्हणून सांगू!

मग तो दिवस आला. जपानचे मोठे खरेदीदार करार करायला येणार होते. नॉर्वेहून लिएन साहेब स्वतः हजर झाले. करार झाला, तर बाईंची बदली मुख्य कचेरीत पक्की, हे सगळ्यांना ठाऊक होते. फरशा चकचकीत झाल्या. एदुलियाने तर बटाट्याचे मिल्काओ तळून आणले होते.

पाहुणे पांढरे बूट घालून आत फिरत होते. इतक्यात ओविदियो धावत बोळात आला. "बाई, शीतगृहाकडून अमोनियाचा वास येतोय! डोळे चुरचुरतायत. नळाचा सांधा कुठला गेलाय, ते अजून कळत नाही."

लिएन साहेबही मागोमाग आले. ते दुष्ट नव्हते, मित्रांनो. घाईत होते. म्हणाले, "गळती बारीक असेल. पाहुण्यांना दुसऱ्या बाजूनं कचेरीत नेऊ, सह्या होऊ देत. तोवर हा दुरुस्त करेल. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

"आणि पट्ट्यावरची माणसं?"

"पट्टा थांबला, तर खरेदीदारांना काय वाटेल? तुमच्या बदलीचाही विचार करा, नोएमी. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

बाईंचा श्वास मला वरपर्यंत ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "साहेब, आत माझी माणसं आहेत." आणि दोन्ही हातांनी त्यांनी माझा दोर ओढला.

मी ओरडलो! धुक्यातल्या नावेला घालायची ती शांत हाक नव्हे. माझ्या पितळाच्या कणाकणातून मी ओरडलो. यंत्रांची घरघर, कानांवरची झाकणे, पत्र्यावरचा पाऊस, सगळ्यांना भेदून मी ओरडलो. पट्टा थांबला. आत एदुलियाचा आवाज घुमला, "सुऱ्या खाली! पोरींनो, चला! सामान राहू द्या, जीव न्या!" मागचे दार उघडले आणि पांढऱ्या टोप्या घातलेली माणसे वाऱ्याच्या उलट दिशेला, किनाऱ्याकडे धावली. बाई दारात उभ्या राहून एकेकाला बाहेर काढत होत्या. शेवटचा माणूस निघाला तेव्हाच त्या निघाल्या.

आणि अमोनियाचा नळ फुटला. पांढरा ढग सळसळत कापणीच्या दालनात शिरला. जिथे थोड्या वेळापूर्वी बायका गाणी म्हणत मासे कापत होत्या, तिथे त्याला कोणीच सापडले नाही. मुखवटा चढवून ओविदियो आणि अग्निशमनवाल्यांनी पाण्याचे फवारे मारले आणि झडप बंद केली. ओविदियोचे डोळे आठवडाभर लाल होते, एवढेच. बाकी कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

किनाऱ्यावर सगळे भिजत उभे होते. लिएन साहेब एका पालथ्या नावेवर बसले होते. चेहरा पांढराफटक पडला होता. एदुलियाने त्यांच्या हातात कडवट माटे चहाचा पेला आणि नळी दिली. "ओढा, साहेब. औषधासारखा लागतो, पण औषध नाही."

साहेबांनी चहा ओढला. समोरच्या माणसांकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग बाईंना हळूच म्हणाले, "मी अर्धा तास मागितला होता."



मित्रांनो, इथे गोष्ट गोड करून सांगता येईल, पण ती तशी घडली नाही. खरेदीदारांनी वाकून निरोप घेतला आणि करार दुसऱ्या कंपनीशी केला. टनावारी मासे फेकावे लागले. मुख्य कचेरीतली जागाही दुसऱ्याच कोणाला मिळाली. ते कळले त्या दिवशी बाई बोळात भिंतीला टेकून रडल्या. एदुलिया तिथे आली. "बरंच झालं, बाई. तिकडं तुम्ही गारठून मेला असता. आणि आम्ही कुणाला चिडवायचं?" बाई रडता रडता हसल्या.

त्यानंतर बाईंनी माझा दोर बोळातून थेट कापणीच्या दालनात नेला आणि त्याला लाल मूठ लावली. कंपनीचे म्हणणे पडले की मुकादमाखेरीज कोणी दोर ओढू नये, नाहीतर पट्टा उठसूट थांबेल. बाई पडद्यावरच्या सभेत म्हणाल्या, "ज्याला आधी वास येईल, त्यानंच आधी ओढायचा. परवानगी मागत बसायला तेव्हा वेळ नसतो." तिकडे लिएन साहेब होते. ते थोडे थांबून म्हणाले, "त्या म्हणतात तसंच असू दे. मी तिथे होतो."

दोर लागला खरा, पण त्याला हात लावायला कोणी धजेना. भिंतीवर फलक होताच ना! मग एका सकाळी, मोठी मागणी भरायची घाई चालू असताना, कोणीतरी दोर ओढला. मी पुन्हा जीव तोडून ओरडलो. सगळे किनाऱ्यावर पळाले. ओविदियोने कारखाना पिंजून काढला. काहीच नव्हते. फरशी धुवायच्या औषधाची बाटली सांडली होती आणि तिचा वास सुटला होता. तिकडे फोन खणखणत होता आणि मासे पट्ट्यावर पडून होते.

बाई सगळ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "दोर कुणी ओढला?"

नुकतीच कामाला लागलेली यानिरा चिगुआय पुढे आली. "मी, बाई. मला वाटलं..."

"ओढायच्या आधी कुणाला विचारलंस?"

"कुणालाच नाही."

बाईंनी हातमोजा काढला आणि यानिराचा हात हातात घेतला. "शाबास. पुन्हा शंका आली, तर पुन्हा असाच ओढ." मग मागे वळून त्या म्हणाल्या, "चला, आता कामाला. आणि तो फोन कुणी घेऊ नका. मी घेते."

मित्रांनो, माझ्या गळ्यावर आता चिरा पडल्या आहेत. पण खारा वारा अंगाला लागला, की मी अजून ताठ बसतो. यंत्रे सांभाळा, त्यांना तेल द्या, गंज चढू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण उद्या तुमच्यापैकी कोणी मोठा साहेब किंवा मोठी बाई होईल, तुमचा माल सात समुद्रांपलीकडे जाईल. तेव्हा 'थांबा' म्हणणाऱ्या माणसाला जपा. तो चुकला, तरी जपा. माझ्यासारखा भोंगा कुठेही विकत मिळेल, पण तो ओढणारा हात एकदा घाबरला की पुन्हा वर येत नाही.