ओढ्याकाठची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. रंग उडालाय, आवाज मात्र अजून खणखणीत आहे आणि स्वभाव धन्यासारखाच तापट. नवा होतो तेव्हा धनी मला रोज स्वतःच्या हाताने पुसायचा. आम्ही दोघांनी मिळून शेत थेट ओढ्याच्या काठापर्यंत नांगरलं. रिकामी जागा दिसली की आमचे हात शिवशिवायचे. शेत असावं तर यांच्यासारखं, असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो. दर पावसाळ्यात वरची माती ओढ्यात वाहून जायची, त्याकडे मात्र आम्ही काणाडोळा केला.

पुढे धन्याची सून शेताचं पाहू लागली. तिने एक सरकारी योजना आणली. ओढ्यालगतची पट्टी पाच वर्षं नांगरायची नाही, कापायची नाही. तिथे गवत वाढू द्यायचं, म्हणजे माती टिकेल आणि पाखरं राहतील. त्याबद्दल सरकार दरवर्षी पाहणी करून पैसे देणार. मध्येच करार मोडला, तर घेतलेलं सगळं परत. धनी आधी उखडलाच. काही न पिकवल्याचे पैसे कसले घ्यायचे? शेजारीही चिडवायचे, गवताचं पीक यंदा जोरात आहे म्हणे! तरी सुनेच्या शब्दाखातर त्याने सही केली. माझं काम घटलं आणि मी बहुतेक वेळ शेडमध्ये पडून राहू लागलो. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. काय सांगू, फार अपमान वाटायचा.

यंदा शेवटची पाहणी होती. सून अधिकारीबाईंना आणायला बसथांब्यावर गेली. धन्याने दाढी केली, अंगण झाडलं आणि मग त्याची नजर ओढ्याकडे गेली. गवत कंबरेएवढं माजलं होतं. बाहेरचं माणूस येणार आणि हा अवतार? आळशी म्हणतील आपल्याला, असं पुटपुटत त्याने मला गवत कापायची पाती जोडली. पाहणी म्हणजे साफसफाई, हेच त्याला आयुष्यभर ठाऊक.

पाती फिरली, गवत आडवं पडू लागलं. मी जीव तोडून ओरडत होतो, पण माझं ओरडणं त्याला रोजचंच. पट्टीच्या अर्ध्याजवळ आलो आणि चाकापुढे एक लावी पक्षीण बसलेली दिसली. उडेचना. धन्याने करकचून ब्रेक दाबला. खाली उतरून बघतो तर तिच्या पोटाखाली अंडी. त्याने मागे वळून कापलेल्या गवताकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. आपण काय करून बसलो, ते त्याला तेव्हा कळलं.

तेवढ्यात दोघी आल्या. सून पांढरीफटक पडली.

"मी कापलं," धनी अधिकारीबाईंना म्हणाला. "पोरीला यातलं काही ठाऊक नाही. मला वाटलं, जरा नीटनेटकं दिसावं."

बाईंनी टेप लावून मोजलं. शेवटी त्यांनी सांगितलं, कापलेल्या भागाचे यंदाचे पैसे बुडाले आणि मुदत एक वर्षाने वाढेल. उरलेलं शाबूत राहिलं, तर करार मोडणार नाही.

सून रागावली नाही. तिने नुसता हात पुढे केला. धन्याने खिशातून माझी किल्ली काढून तिला दिली.

"तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला. "माझा हात थांबत नाही गं."

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना तेलपाणी करा, छपराखाली ठेवा, उपकार होतील. पण किल्ली फिरवण्याआधी एकदा खाली उतरा आणि चाकापुढे कोण बसलंय ते बघा. आम्हाला दिसलं, तरी थांबायचं तुम्हालाच असतं.